अखंड पृष्ठाची खरी नक्कल

मराठी माणसाला पोच लागते. अर्ज असो, कराचा भरणा असो, नाहीतर मुंजीची आमंत्रणपत्रिका असो, ती पोहोचल्याचे चिठोरे हाती पडेपर्यंत त्याच्या जिवाला स्वस्थता नसते. आणि हा स्वभाव काही आजकालचा नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या दफ्तरे बांधताना, रोजकीर्द आणि खतावणी यांची रुजुवात करताना आणि ‘कागद कुठे आहे?’ या एकाच प्रश्नापुढे भल्याभल्यांचे हक्क बुडालेले पाहताना तो त्याच्या हाडीमांसी मुरलेला आहे. हल्ली अर्ज संगणकावर भरावे लागतात. भरून झाले की हिरव्या अक्षरांत अभिनंदनपर मजकूर उमटतो आणि त्याच्याखाली, ज्यांची दृष्टी अद्याप शाबूत आहे अशांनाच वाचता येईल अशा बारीक ठशात, ‘संदर्भासाठी या पृष्ठाचा स्क्रीनशॉट जतन करून ठेवावा’ असा हुकूम येतो. हुकूम फर्मावणाऱ्याने एका गोष्टीचा विचार केलेला नसतो, तो म्हणजे पृष्ठ पडद्यापेक्षा लांब असते. अर्जदाराचे नाव वरच्या टोकाला, अर्जाचा क्रमांक खालच्या टोकाला, आणि दोहोंच्या दरम्यान शर्ती, अटी, सूचना आणि कोणा तरी मान्यवरांची हसतमुख छायाचित्रे, अशी त्या पृष्ठाची रचना असल्यामुळे नाव आणि क्रमांक एकाच वेळी नजरेस पडण्याचा योग कोणत्याही पंचांगात सापडत नाही.

यावर जनसामान्यांनी जो उपाय शोधून काढला आहे त्यास तुकडेपद्धती म्हणावयास हरकत नसावी. पडद्यावर दिसते तेवढ्याचे चित्र घ्यावयाचे, पृष्ठ थोडे वर सरकवावयाचे, पुन्हा चित्र घ्यावयाचे, आणि असे करीत करीत तळ गाठावयाचा. तात्त्विकदृष्ट्या ही पद्धती निर्दोष आहे. व्यवहारात मात्र सरकवणाऱ्याचा हात आणि पृष्ठाची लांबी यांचे सूत कधीच जमत नाही, त्यामुळे कुठे चार ओळी दोन-दोन वेळा हजर होतात, तर कुठे नेमकी भरलेल्या रकमेची ओळ दोन तुकड्यांच्या मधल्या खिंडीत कायमची गडप होते. मग हे तुकडे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर एकामागून एक रवाना होतात, मध्येच एखाद्या मावशीचा सुप्रभातीचा गुलाब येऊन बसतो, आणि पुण्यात बसलेल्या ज्या भाच्याला तो अर्ज तपासावयाचा असतो त्याला एखाद्या भग्न शिलालेखाची संगती लावणाऱ्या संशोधकाची चिकाटी अंगी बाणवावी लागते.

त्याहूनही साधा, आणि माझ्या मते अधिक प्रामाणिक, असा दुसरा उपाय म्हणजे मोबाइल हाती घेऊन संगणकाच्या पडद्याचाच फोटो काढणे. संगणक जाणणारी तरुण मंडळी या प्रकाराला हसतात. पडद्यावरील सूक्ष्म ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्यातील ठिपक्यांची जाळी एकमेकींवर पडल्यामुळे अशा फोटोवर मोरपंखी लाटा उमटतात, वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइट तळपत असते, आणि पृष्ठाची पार्श्वभूमी गडद असेल तर खुद्द छायाचित्रकारही, दोन्ही हात उंचावून उभा असलेला, त्यात प्रतिबिंबित होतो. उन्हाळ्याच्या दिवसांत घेतलेल्या अशा कित्येक फोटोंत मी अर्जाबरोबर अर्जदाराचे बनियनही सादर झालेले पाहिले आहे. आणि ते जोडणे बंधनकारक असल्याचे कोणत्याही अधिनियमात माझ्या वाचनात आलेले नाही.

कळफलकाच्या उजव्या अंगाला वरच्या ओळीत ‘प्रिंट स्क्रीन’ नावाची एक कळ असते, हे पुष्कळांना ठाऊक असते. ती करते काय, याविषयी मात्र मतमतांतरे आहेत. १९८१ साली आयबीएमचा व्यक्तिगत संगणक बाजारात आला तेव्हा या कळीचे आचरण तिच्या नावाबरहुकूम होते: शिफ्टसह ती दाबली की पडद्यावरची अक्षरे शेजारच्या छपाईयंत्रातून कर्कश आवाज करीत कागदावर उतरत. पुढे विंडोजच्या राज्यात तिची छपाईशी फारकत झाली आणि ती पडद्याचे चित्र गुपचूप संगणकाच्या स्मृतीत नेऊन ठेवू लागली. आवाज नाही, उजेड नाही, पावती नाही. परिणामी आमच्या पिढीचा गृहस्थ ती कळ एकदा दाबतो, काही घडले नाही असे पाहून जोराने दाबतो, मग कळ खराब झाली असा निष्कर्ष काढून दुरुस्तीवाल्याला फोन करतो, आणि घेतलेले चित्र बिचारे स्मृतीच्या अंधाऱ्या कोठडीत ‘पेस्ट’च्या आज्ञेची वाट पाहत राहते. पण हे सारे खटाटोप यथास्थित पार पडले, तरी ही कळ पडद्याची सीमा ओलांडीत नाही. पृष्ठाचा जो भाग खिडकीबाहेर आहे तो तिच्या हद्दीबाहेर आहे, आणि हद्दीबाहेरच्या कामात हात न घालण्याचा सरकारी शिरस्ता ती काटेकोरपणे पाळते.

अशा वेळी एखादा हितचिंतक सांगतो, “त्याचे एक सॉफ्टवेअर मिळते, ते टाकून घ्या.” सल्ला देण्यास सोपा, अमलात आणण्यास दुर्घट. ज्या कचेऱ्यांत आणि पेढ्यांत असल्या पृष्ठांची नक्कल करण्याचे प्रसंग येतात, तेथील संगणकांवर काहीही नवे बसविण्यास सक्त मनाई असते, आणि ही मनाई उठविण्याचा परवलीचा शब्द मुख्य कचेरीतील ज्या एका व्यक्तीजवळ असतो ती व्यक्ती सदैव रजेवर असते. लेखी विनंती करावी, विनंतीला जावक क्रमांक पडावा, तिची प्रत तीन ठिकाणी रवाना व्हावी, आणि ‘सदर सॉफ्टवेअरच्या आवश्यकतेबाबत सविस्तर खुलासा करावा’ असा शेरा मारून ती परत यावी, तोवर ज्या निविदेच्या पृष्ठाची नक्कल हवी होती त्या निविदेची मुदत संपून कामही निकृष्ट दर्जाचे होऊन गेलेले असते.

घरच्या संगणकावर अर्थात अशी मनाई नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. ब्राउझरला जोडावयाची ‘एक्स्टेन्शन’ नामक उपकरणे फुकट मिळतात. त्यांपैकी एखादे घेऊ लागलो की क्रोम आपल्याला अदबीने बजावतो की, हे उपकरण सर्व संकेतस्थळांवरील तुमचा सर्व विदा वाचू शकेल आणि त्यात बदलही करू शकेल. या वाक्याचा शांतपणे विचार करावा. आपल्याला हवी आहे एका पृष्ठाची एक नक्कल, आणि तिच्या मोबदल्यात एका अपरिचित गृहस्थाच्या नावे आपण आपल्या बँकेचे, पत्रव्यवहाराचे आणि औषधांच्या मागणीचे कुलमुखत्यारपत्र लिहून देत आहोत. कढीपत्त्याची काडी मागावयास गेलेल्याने शेजाऱ्याला स्वतःच्या तिजोरीची किल्ली देऊन यावे, तशातला हा प्रकार झाला. असली सर्वच उपकरणे लबाड असतात असे नव्हे, कित्येक सचोटीची आहेत. परंतु आज सचोटीने चाललेले उपकरण उद्या दुसऱ्याला विकले जाते, आणि मुखत्यारपत्र मात्र पूर्ववत अमलात राहते. स्वयंपाकघरातला गॅस बंद केला की नाही हे तीनदा पाहून घराबाहेर पडणारी सावध माणसे या ठिकाणी ‘अनुमती द्या’वर किती सहजतेने बोट ठेवतात, हे पाहून मी थक्क झालो आहे.

आणि या सर्व उपद्‌व्यापाची गरजच नसते. अखंड पृष्ठाचे चित्र घेण्याची सोय बहुतेक प्रमुख ब्राउझरांच्या पोटात मुळातच असते. ती सांगण्याची तसदी मात्र त्यांच्या निर्मात्यांनी फारशी घेतलेली नाही. २०१७ हे या बाबतीतले मोठे वर्ष. त्या वर्षी फायरफॉक्सने ही सोय उघडपणे आणि सुसंस्कृतपणे दिली: पृष्ठावर उजवी कळ दाबावी, ‘टेक स्क्रीनशॉट’ म्हणावे, ‘सेव्ह फुल पेज’ निवडावे, संपले. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबल्या की असाच पर्याय समोर येतो. क्रोमनेही २०१७ सालीच ही सोय केली, परंतु ती कुठे ठेवली म्हणाल, तर जिथे घरमालकाने पाऊल टाकण्याचे धाडस करू नये अशा तळघरात.

हे तळघर मी प्रथम शेजारच्या अण्णांच्या दिवाणखान्यात उघडलेले पाहिले. अण्णा हे एका सरकारी खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ असून, निवृत्तीनंतर आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे दफ्तर त्यांच्याकडे आले आहे. संस्थेच्या एका प्रलंबित अर्जाची सद्यःस्थिती दाखवणारे भलेमोठे कोष्टक पडद्यावर होते, त्याची संपूर्ण नक्कल त्यांना हवी होती, आणि महाविद्यालयात शिकणारी त्यांची नात ते काम करीत होती. तिने एफ १२ ही कळ दाबली. त्याबरोबर पडद्याची दोन शकले होऊन उजव्या शकलात कंसांची, कोनांची आणि रंगीबेरंगी इंग्रजी अक्षरांची अशी काही दाटी झाली की अण्णा खुर्चीवरून अर्धवट उठले.

“अगं, सरकारी साइट आहे ती! काय मोडलंस?”

“काही मोडलं नाही, आजोबा. तुम्ही हात लावू नका फक्त.”

“लावत नाही. पण हे जे काही उघडलं आहेस, याची तिकडे नोंद तर होत नाही ना?”

नोंद होत नव्हती. तिने कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळा दाबल्या, वर एक लहानशी रिकामी पट्टी आली, तीत ‘स्क्रीनशॉट’ हा शब्द इंग्रजीत टंकलिखित करताच चार आज्ञांची यादी खाली लोंबू लागली, आणि त्या चौघींतून तिने ‘कॅप्चर फुल साइझ स्क्रीनशॉट’ ही निवडली. क्षणभर पृष्ठ थरथरले. मग पुन्हा एफ १२, आणि पडदा पूर्ववत सांधला गेला. उतरवलेल्या फायलींच्या कप्प्यात एक लांबलचक चित्र येऊन पडले होते, ज्यात मान्यवरांच्या स्मितापासून तळाच्या ‘सर्व हक्क राखीव’पर्यंत सारा मजकूर सलग होता. अण्णांनी चष्मा पुसून ते वरपासून खालपर्यंत वाचले आणि विचारले, “म्हणजे हे आधीपासूनच यात होतं?” होते. विकत घ्यावे लागत नव्हते, बसवावे लागत नव्हते, कोणाची परवानगी लागत नव्हती. फुकट आणि बिनपरवाना मिळालेल्या वस्तूकडे पाहताना जुन्या सरकारी नोकराच्या चेहऱ्यावर जो संशय उमटतो, तो अण्णांच्या चेहऱ्यावर उमटला. आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे तो अगदीच अनाठायी नव्हता.

मोबाइलवाल्यांनी या बाबतीत बरीच मजल मारली आहे. आयफोनच्या सफारीत २०१९ पासून साधे चित्र घेतल्यावर ‘फुल पेज’ म्हणून सबंध पृष्ठाची पीडीएफ करता येते, आणि अँड्रॉइडच्या २०२१ सालच्या बाराव्या आवृत्तीपासून ‘कॅप्चर मोअर’ दाबून चित्र हवे तितके खाली ताणता येते. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. ज्यांना हे येते त्यांना ते कोणी शिकवलेले नसते, आणि ज्यांना येत नाही ते फोन नातवंडांच्या हाती देतात.

पण अखंड पृष्ठ ही वस्तू दिसते तितकी निरुपद्रवी नाही. कित्येक संकेतस्थळे पृष्ठातील चित्रे आधीच आणून ठेवीत नाहीत. वाचणारा त्या जागेच्या जवळपास आला म्हणजेच ती मागवावयाची, अशी त्यांची काटकसरी वहिवाट आहे. अशा पृष्ठाचे न वाचता घाईघाईने अखंड चित्र घेतले तर वरचे दोन-तीन फोटो तेवढे येतात आणि खाली नुसत्या करड्या चौकटींच्या रांगा लागतात. यावर उपाय एकच: आधी पृष्ठ तळापर्यंत सरकवून प्रत्येक चित्राला जागे करून यावयाचे आणि मगच नक्कल घ्यावयाची. दुसरी पीडा म्हणजे पडद्याच्या माथ्याला चिकटून राहणारी शीर्षपट्टी. पृष्ठ कितीही सरकवा, ती जागची हलत नाही. त्यामुळे तुकडे जोडून अखंड चित्र तयार करणारी जी यंत्रणा असते तिच्या हाती ही पट्टी दर सांध्यावर नव्याने सापडते, आणि निष्पन्न होणाऱ्या चित्रात एकाच संस्थेचे नाव व बोधचिन्ह दर वीतभर अंतरावर, शिलान्यासाच्या कोनशिलांप्रमाणे, पुन्हा पुन्हा येत राहते. ‘आम्ही कुकीज वापरतो’ ही विनवणी आणि ‘मी आपली काय मदत करू?’ असे विचारणारा कोपऱ्यातला बाहुलाही अशा चित्रांत अजरामर होऊन बसतात.

तिसरी गोष्ट तर निव्वळ अद्भुत आहे. क्रोमने घेतलेले अखंड चित्र उंचीला १६,३८४ ठिपक्यांच्या पलीकडे गेले, म्हणजे दोनाच्या चौदाव्या घाताची वेस ओलांडली, की पुढचा मजकूर येण्याऐवजी पृष्ठ पुन्हा आरंभापासून सुरू झालेले दिसू शकते. चित्रे रंगविणाऱ्या यंत्रणेला एका वेळी पेलवेल अशी ती कमाल उंची आहे, आणि पडदा जर दाट ठिपक्यांचा, म्हणजे महागाचा असेल, तर ही वेस निम्म्या वाटेवरच आडवी येते. एखाद्या घराण्याची लांब वंशावळ अशा रीतीने उतरवली तर अकराव्या-बाराव्या पिढीच्या सुमारास अकस्मात मूळपुरुष पुन्हा अवतीर्ण व्हावयाचा. पुनर्जन्मावर विश्वास असणाऱ्यांना त्यात वावगे वाटणार नाही, परंतु वाटणीच्या दाव्यात त्यामुळे घोटाळा होण्याचा संभव आहे. बातम्यांची आणि समाजमाध्यमांची जी पृष्ठे खाली जाऊ तसतशी वाढतच राहतात, त्यांच्या बाबतीत तर ‘अखंड’ या शब्दालाच अर्थ राहत नाही. त्यांना तळच नसतो.

लांब मजकुराचा प्रश्न आमच्या पूर्वजांना नवीन नव्हता. मराठेशाहीतील लांब पत्रे आणि महजर पाहिले असता दिसून येते की, कागदाचा एक बंद पुरेनासा झाला की त्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे बंद डकवीत आणि सबंध मजकुराची लांबलचक गुंडाळी करीत. मग मधलाच एखादा बंद काढून तिथे सोयीचा मजकूर कोणी डकवील, ही शंका कारकुनांच्या मनात आल्यावाचून कशी राहील? म्हणून सांध्यावर पाठीमागून शिक्का उमटवावयाचा, असा की त्याचा अर्धा भाग एका बंदावर आणि अर्धा दुसऱ्यावर पडावा; आणि जिथे मजकूर संपला तिथे मोर्तब करावयाची, म्हणजे त्याखाली कोणी आणखी दोन ओळी खरडू नयेत. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरील ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब याच कामाची: मर्यादा इथे झाली, यापुढे आमचे काही नाही. तळ नसलेल्या पृष्ठांच्या निर्मात्यांना या तीन शब्दांचे महत्त्व कोणी तरी समजावून द्यावयास हवे होते.

अण्णांचा संशय नेमका याच अंगाने धावला. त्यांनी ते लांब चित्र पुन्हा न्याहाळले आणि नातीला विचारले, “यात तारीख कुठे आहे? आणि हे पान कुठल्या साइटचं, तेही दिसत नाही.” प्रश्न मोठ्या मर्माचा होता. तळघरातून घेतलेल्या चित्रात पृष्ठ तेवढे संपूर्ण येते. ब्राउझरच्या माथ्यावरचा पत्ता आणि संगणकाच्या कोपऱ्यातले घड्याळ पृष्ठाचे घटक नसल्यामुळे वगळले जातात. म्हणजे स्थळ नाही, काळ नाही, मजकूर मात्र सांगोपांग. याउलट ज्याची तरुण मंडळी टर उडवतात त्या मोबाइलने काढलेल्या फोटोत पत्ता असतो, घड्याळ असते, आणि बनियनवरून ऋतूचाही अंदाज बांधता येतो.

छपाईचा मार्ग यापेक्षा बरा. कंट्रोल आणि पी दाबून, छपाईयंत्राऐवजी पीडीएफ निवडून, शीर्ष आणि तळटीप छापण्याची खूण केली की प्रत्येक पानावर तारीख, पत्ता आणि पृष्ठसंख्या आपोआप उमटते. शिवाय अक्षरे अक्षरेच राहतात, शोधता येतात, वाढवता येतात. परंतु कागदाच्या आकारात बसवताना संकेतस्थळाचे सारे सौष्ठव कोसळते. पडद्यावर एका ओळीत मावणारी अनुक्रमणिका खाली-खाली घसरत दोन पाने व्यापते, कोष्टकाची रांग नेमकी रकमेच्या पोटातून कापली जाते, आणि शेवटच्या पानावर कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक एकटाच उभा असतो. ज्यांना चित्र हवे आहे त्यांनी तळघरात जावे, ज्यांना पुरावा हवा आहे त्यांनी छपाईकडे वळावे, असे माझे मत आहे. सर्वांना उघडी असणारी पृष्ठे असतील तर तिसराही एक मार्ग आहे: सॅन फ्रान्सिस्कोची इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून पृष्ठांच्या नकला जमवीत आली असून, तिला पत्ता दिला की ती स्वतः जाऊन त्या पृष्ठाची प्रत घेते आणि तिच्यावर तारीख-वेळ घालून सर्वांसाठी ठेवते. तटस्थ पंच म्हणून तिची योग्यता मोठी. पण आपल्या बँकेच्या खात्यात तिला प्रवेश नाही, आणि तो नसावा हेच बरे.

पुराव्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे, ती सांगताना थोडा संकोचही होतो. ज्या तळघरातून सत्यप्रत मिळते त्याच तळघरात पृष्ठावरचे कोणतेही अक्षर मनाला येईल तसे बदलता येते. शिलकेच्या आकड्यावर दोनदा टिचकी मारून त्याच्यापुढे चार शून्ये बसवावीत आणि अखंड चित्र घ्यावे. बँकेतली रक्कम एका पैशाने वाढत नाही, पृष्ठ ताजे करताच शून्ये नाहीशीही होतात, पण चित्र राहते, आणि ते इतके निर्मळ असते की वाकडा फोटो त्याच्यापुढे बनावट वाटावा. अण्णांच्या नातीने हा प्रयोग करून दाखवला तेव्हा संस्थेचा देखभालनिधी काही क्षण कोट्यवधींच्या घरात जाऊन आला. खजिनदार त्या वेळी उपस्थित नव्हते, हे सर्वांच्याच दृष्टीने बरे झाले.

न्यायालये या बाबतीत अण्णांइतकीच सावध आहेत. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने जुन्या पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम घातले, आणि संगणकातून निघालेल्या प्रतीसोबत दाखला असला पाहिजे असे ठरवले. त्या दाखल्यावाचून चालेल की नाही हा वाद अनेक वर्षे हेलकावे खात होता, आणि त्याचा निकाल लागला तो आपल्या जालन्याच्या प्रकरणात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मते अधिक मिळवून निवडून आले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले, अशी तक्रार झाली, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनातील चित्रीकरण हा पुरावा म्हणून पुढे आला. चित्रीकरण होते, दाखला नव्हता, कारण मागणी करूनही अधिकाऱ्यांनी तो दिला नव्हता. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरणच हजर केले नसेल तर दाखला आवश्यकच. मात्र पक्षकाराने सर्व प्रयत्न करूनही तो देण्याचे ज्यांच्या हाती आहे तेच देत नसतील, तर त्याचा दोष पक्षकाराच्या माथी मारता येणार नाही. सरकारी कचेरीत दाखल्यासाठी खेपा घालणाऱ्यांच्या यातनांची इतक्या उच्च पातळीवर दखल घेतली जाण्याचे प्रसंग विरळाच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम अमलात आला असून त्याच्या ६३ व्या कलमाखालचा दाखला दोन भागांत द्यावा लागतो, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात त्या फायलीचे हॅशमूल्य नमूद करावे लागते. हॅशमूल्य म्हणजे फायलीतील एकूणएक बिंदूंचा हिशेब करून काढलेली अंकाक्षरांची एक माळ. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी सारी माळ बदलते. सांध्यावरच्या शिक्क्याचेच हे काम, फक्त ते वाचावयास कारकुनाऐवजी यंत्र लागते.

अण्णांना न्यायालयात जावयाचे नव्हते, संबंधित कचेरीला ते कोष्टक दाखवावयाचे होते. नातीने अखंड चित्र संकेतस्थळावर चढवून पाहिले. ‘फाइलचा आकार २०० केबीपेक्षा अधिक नसावा’ असे तांबड्या अक्षरांत उत्तर आले. चित्र त्याच्या कितीतरी पट होते. ते दाबून, पिळून मर्यादेत बसवले तेव्हा अक्षरांच्या जागी मुंग्यांची रांग उरली. शेवटी अण्णांनी छापील प्रत घेऊन समक्ष जाण्याचे ठरवले. त्यांनी तारीख-पत्त्यासह पीडीएफ छापून घेतलीच, पण अखंड चित्राचा मोहही त्यांना आवरेना, म्हणून तेही ए-४ कागदावर एका पानात बसेल असे छापण्यास सांगितले. यंत्राने आज्ञा पाळली: कागदाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत दोन-तीन बोटे रुंदीची एक पट्टी उमटली, जीतले एक अक्षरही भिंगावाचून वाचता येत नव्हते, आणि दोन्ही बाजूंना पांढरा कागद पसरलेला राहिला.

कचेरीतल्या कारकुनाने पीडीएफची अकरा पाने चाळून बाजूला ठेवली. पट्टीचा कागद त्याने खिडकीच्या उजेडात धरला, उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. “हे बरं आहे, एकाच पानात आलंय,” तो म्हणाला, आणि डाव्या समासात ‘खरी नक्कल’चा गोल शिक्का, उजव्या समासात सही आणि तारीख, अशी सुटसुटीत मांडणी करून त्याने ती आवकमध्ये घेतली. अण्णांनी पोच मागितली. ती मिळाली.